इंदू सांगेल ते खरं

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच आला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो: हा बरा होत नाही. अशा लेखांत शेवटी थोडा उजेड दाखवायची पद्धत असते. माझ्याकडे तो नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी इथेच थांबावं, मला राग येणार नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, म्हणजे शेत मोजणारा सरकारी माणूस. चौतीस वर्षं भिवापूर, उमरेड, पारशिवनीकडचे धुरे मोजले. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. निवृत्तीनंतर नागपुरात मानेवाड्याला घर बांधलं. घरात मी आणि बायको इंदू. मुलगी मीनल बँकेत आहे, दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज संध्याकाळी येऊन जाते. थोरला भाऊ गावी, पारशिवनीजवळ, त्याला सगळं गाव दादा म्हणतं. या लेखात एवढीच घरची माणसं आहेत. दवाखान्यातल्या दोघी आणि एक भाजीवाला सोडला तर बाकी जी येतील ती नसलेली आहेत.

माझा हात थरथरतो आणि अक्षर मुंगीएवढं येतं. सकाळच्या गोळीनंतर दोन-तीन तास डोकं बरं असतं, तेवढ्यात लिहितो. मीनल ते टाईप करते. तिला ताकीद आहे की काही सुधारायचं नाही, चुकलं असलं तरी जसं आहे तसं ठेवायचं. सरकारी कागदावर खाडाखोड केलेली मला कधी खपली नाही.

ओसरीवरचे चार जण

पहिल्यांदा ते आले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. मी आतून ओसरीवर आलो तर चार जण बसलेले. दोघे खुर्च्यांवर, दोघे खाली भिंतीला टेकून. खांद्यावर दुपट्टे, हातात कागदांच्या गुंडाळ्या. मला नवल वाटलं नाही. मोजणीच्या दिवशी शेजारच्या शेतांच्या मालकांना हजर राहावं लागतं, त्यांना आम्ही लगतधारक म्हणतो. ते असेच बसतात, गप्प आणि संशयानं भरलेले. आयुष्यभर मी अशाच माणसांना वाट पाहायला लावली होती.

मी आत जाऊन म्हटलं, "इंदू, चार कप चहा मांड वं. लोकं येऊन बसले."

"कोन लोकं?"

"बाहेर पाय नं."

ती पदराला हात पुसत ओसरीवर गेली आणि परत आली. "तुमी झोपेत होते काय जी? तिथं कोनी नाई."

मी तिला हाताला धरून बाहेर नेलं. चौघंही होते. एकाच्या चपलेचा अंगठा तुटलेला मला दिसत होता. इंदूनं माझ्याकडे पाहिलं, मग सरळ पुढे गेली आणि त्यातल्या एकाच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याच्या अंगावरच बसली म्हणा. "हे पाहा. आहे काय कोनी?"

मी पाहिलं तर तीनच उरले होते. तेव्हा मात्र मला भीती वाटली, आणि ती भीती त्या दिवसापासून गेलेली नाही.

पाच बाजू

धंतोलीतल्या एका दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले, रक्त घेतलं, मला सरळ रेषेत चालवलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, मीनलच्याच वयाच्या. त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर दोन पंचकोन काढलेले होते, एकाचा कोपरा दुसऱ्यात घुसलेला. "काका, हेच चित्र खाली काढा."

मला हसू आलं. मी म्हटलं, "मॅडम, मी शेतांचे नकाशे काढायचो. बावीस-बावीस बाजूंचे तुकडे असतात, वाकडेतिकडे."

"मग तुम्हाला सोपं जाईल," त्या म्हणाल्या.

मी मन लावून काढलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशा थाटात कागद त्यांच्यापुढे सरकवला, आणि सरकवताना मलाच तो नीट दिसला. दोन आकृत्या एकमेकींपासून चार बोटं लांब होत्या. एकीला चारच बाजू होत्या आणि ती बंदही झाली नव्हती. आमच्या कामात आकृती जुळली नाही तर मोजणी पुन्हा करतात. मी म्हटलं, पुन्हा काढतो. दुसरी त्याहून वाईट आली. मीनल माझ्याकडे पाहत होती आणि इंदू त्या कागदाकडे.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, लुई बॉडी. स्मरण जातं, अंग आखडतं, नसलेली माणसं दिसतात, काही तास लख्ख जातात तर काही धुक्यात. इंदूनं विचारलं, "बरं होईन नं?" बाई म्हणाल्या, "नाही. सांभाळता येईल." मला त्यांचा तो नकार आवडला. मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दोघींशी दहा मिनिटं बोलल्या. आत काय ठरलं ते मला बरंच पुढे कळलं.

परतताना इंदूनं ऑटो थांबवून वांगी घेतली आणि ती किडकी आहेत की नाहीत यावरून भाजीवाल्याशी भांडली. वांगं फोडून दाखव म्हणाली. त्यानं फोडलं, आत कीड निघाली. मी ऑटोत बसून ते ऐकत होतो आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

हद्द कोणाला दिसते

खरं काय आणि खोटं काय, याचा विचार मी आजारपणात सुरू केला असं नाही. माझी भाकरीच त्यावर होती.

शेतात उभं राहून पाहा. माती दिसते, कापसाची पऱ्हाटी दिसते, धुऱ्यावरची बाभूळ दिसते. हद्द मात्र दिसत नाही. नकाशावर तिची रेघ असते, पण ती रेघ आणि धुरा एका जागी सापडले असं क्वचितच व्हायचं. दर पावसाळ्याआधी कोणी ना कोणी नांगराचा फाळ वीतभर पलीकडे घातलेला असतो. मग खरी हद्द कोणती? नकाशाची की वहिवाटीची? मी मोजायचो, खुणा रोवायचो आणि पंचांच्या, लगतधारकांच्या सह्या घ्यायचो. सगळ्यांनी सही केली की ती हद्द खरी. म्हणजे कोणालाच न दिसणारी गोष्ट मी लोकांच्या सह्यांनी खरी करत आलो. आता मला धडधडीत दिसणाऱ्या माणसांसाठी सही द्यायला कोणी तयार नव्हतं.

म्हणून मी माझी जुनी रीत घरी आणली. दोन शेजाऱ्यांना कधी एकत्र विचारायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा. एकाला विहिरीपाशी नेऊन विचारायचं, दुसऱ्याला गाडीपाशी. दोघांचं जुळलं तर लिहायचं. मी इंदूला स्वयंपाकघरात विचारायचो आणि संध्याकाळी मीनल आली की तिला फाटकापाशी. दोघी नाही म्हणाल्या की ओसरीवर कितीही माणसं बसलेली असोत, मी मनात त्यांच्यावर काट मारायचो. काट मारल्यानं ती जात नसत, पण त्यांना चहा विचारायची पाळी येत नसे. पहिले काही महिने असे गेले.

फरशी पुसणारी बाई

मग लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला आणि होतं नव्हतं ते डोकंही गेलं. अकरा दिवस दवाखान्यात होतो. त्यातलं मला फार थोडं आठवतं. पहाटे बगलेत थर्मामीटर, स्टीलच्या पेल्यातला पांचट चहा, हाताला बांधलेली सलाइनची सुई आणि पलंगाच्या पायथ्याशी दाटीवाटीनं बसलेले लोक. इंदू म्हणायची कोणी नाही. मी ओरडायचो, सुई उपसायचो. एकदा मी इंदूच्या हातावर मारलं. हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो, कारण तुमच्याकडेही हे होईल आणि तेव्हा तुम्हाला वाटेल की आपलंच माणूस राक्षस झालं.

तिथे फरशी पुसायला एक बाई यायची. मी तिला दटावलं, "जरा सांभाळून, लोकांच्या पायाले पाणी लागून राहिलं."

ती थांबली. पायथ्याशी नीट पाहिलं. म्हणाली, "काका, मले तं कोनी दिसून नाई राहिलं. पन तुमाले दिसत असन तं बसू द्या. मी बाजूनं पुसते."

आणि तिनं खरंच तेवढी जागा सोडून पुसलं. त्या अकरा दिवसांत मला शांत झोप लागली ती त्याच दुपारी. तिनं खोटंही सांगितलं नाही आणि माझ्याशी भांडलीही नाही. हे इतकं साधं आमच्या घरात कोणाला जमलं नाही, मलाही नाही.

त्याच दिवसांत केव्हातरी इंदूचे डोळे सुजलेले मी पाहिले होते. मला वाटलं, माझ्यासाठी रडते आहे.

नसलेली घोडी

घरी आलो आणि सगळं एकदम सोपं झालं. आता मी विचारलं की इंदू म्हणायची, "हाव, बसले हायेत." संध्याकाळी मीनल म्हणायची, "हो बाबा, बसले आहेत." दोन पंच हो म्हणत होते, मग मी कशाला घाबरू? उलट मला बरं वाटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की काही वेळा माणूस सुधारल्यासारखा वाटतो. मला वाटलं, आधी माझे डोळे खोटं दाखवत होते, आता खरं दाखवायला लागले.

दादाही येऊन बसायला लागला. धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. बोलायचा नाही, पण दादा तसाही बोलणारा नव्हता. मी इंदूला म्हटलं, "दादा आला वं." ती म्हणाली, "हाव, आले नं. बसले हायेत." मीनल म्हणाली, "हो बाबा, मोठेबाबा आलेत. बसले आहेत."

आठ-दहा दिवस मी यात सुखी होतो. मग मला काहीतरी खटकायला लागलं. दोघींचं फार जुळत होतं. आमच्या कामात पंच पढवून आणलेले असले की ते लगेच कळायचं. खरं पाहिलेल्या दोन माणसांचं सगळं कधी जुळत नाही. एक म्हणेल धुऱ्यावर बोर होती, दुसरा म्हणेल दोन बोरी होत्या. एकाला उन्हाळा आठवेल, दुसऱ्याला दिवाळी. पढवलेल्यांचं मात्र शब्दाला शब्द लागतो. अशा वेळी मी एक युक्ती करायचो. तिथे कधीच नसलेल्या झाडाबद्दल विचारायचो. "पूर्वेच्या कोपऱ्यात मोहाचं झाड होतं, ते केव्हा तोडलं गा?" खरा माणूस गोंधळून म्हणायचा, तिथं मोह कुठला? पढवलेला म्हणायचा, तोडलं जी, दोन वर्षं झाली.

एका सकाळी डोकं लख्ख असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "इंदू, आंगनातल्या पांढऱ्या घोडीले पानी देल्लं काय?"

मला घोडी दिसत नव्हती. कधीच दिसली नव्हती. इंदू वरण घोटत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव, देल्लं नं."

संध्याकाळपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून बसलो. मीनल आली. फाटकापाशी तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "हो बाबा. दिलं आहे पाणी."

मी दोघींना समोर बसवलं. म्हटलं, "घोडी नाई. मी पन पाह्यली नाई. मंग तुमी दोघी हो काहून म्हनल्या?"

मीनल आईकडे पाहायला लागली.

"अजून कशाकशाले हो म्हनल्या?"

मीनल रडायला लागली. इंदू उठली, आत जाऊन गॅस बंद केला, परत येऊन खाली बसली. मग म्हणाली, "दादा गेले."

"कुठं गेले?"

"वारले जी. तुमी दवाखान्यात होते तवा. बावीस दिवस झाले."

मी ओसरीकडे पाहिलं. दादा बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. मी विचारलं, "मंग तिथं कोन बसलं आहे?"

"कोनीच नाई," इंदू म्हणाली.

माझ्या सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मला एका घोडीनं दिली. मी त्याला खांदा दिला नाही. तेरावं झालं, पिंडाला कावळा शिवला की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मीनल एकटी जाऊन आली होती आणि आल्यावर दवाखान्यात माझ्या उशाशी बसून मला मोसंबी सोलून दिली होती. वडील गेल्यावर मला शिकवायला दादानं स्वतःची शाळा सोडली होती. मी लहान मुलासारखा रडलो, आणि रडता रडता ओसरीकडे पाहायचो तर तो तिथेच.

मग मीनलनं त्या दहा मिनिटांचं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, त्यांच्याशी वाद घालू नका, ते घाबरतात. दवाखान्यातल्या मारामारीनंतर दोघींनी ते मनावर घेतलं आणि सगळ्यालाच हो म्हणायचं ठरवलं. मी बाईंना दोष देत नाही. त्यांनी वाद नको म्हटलं होतं, घोडीला पाणी पाजा म्हटलं नव्हतं. पण अति शहाणपण मायेतूनही येतं आणि माझ्या घरात ते मायेतूनच आलं.

शब्द

तीन दिवस मी इंदूशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिला समोर बसवलं.

"मले एक मानूस पाहिजे," मी म्हटलं. "डोळे गेलेल्याच्या हाती काठी असते. माझ्या हाती काई नाई. मीनलले जे करायचं ते करू दे, डॉक्टरले जे सांगायचं ते सांगू दे. तू मले खोटं नको सांगू. कितीबी कडू असलं तरी."

"आन तुमी अंगावर धावून आले तं?"

"येईन कदाचित. तरी सांग."

ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. आठवी शिकलेली बाई आहे, पण शब्दाची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणूनच ती लवकर हो म्हणत नाही. शेवटी म्हणाली, "ठीक हाय. देल्ला शब्द."

त्यानंतरचे दिवस या सगळ्या आजारातले सगळ्यात बरे. मी विचारायचो, ती भाजी निवडता निवडता सांगायची.

"ओसरीवर?"

"कोनी नाई."

"गॅसजवळ कुत्रं?"

"नाई."

"सोफ्यावर ती बाई कोन आहे?"

"ते तुमची लेक होय. तिले तरी हो म्हना."

आम्ही हसायचो. दादाबद्दलही ती सरळ सांगायची, नाहीत जी ते. मला वाईट वाटायचं, पण पायाखाली काहीतरी टणक लागायचं. मला वाटलं, एवढं मिळालं तर मी हा आजार काढीन. नकाशा गेला, वहिवाट गेली, पण एक पंच शिल्लक आहे.

मीनलचं म्हणणं, इंदूचं म्हणणं

गेल्या महिन्यात एका सकाळी मीनल कामावर जायच्या आधी आली. इंदू देवळात गेली होती. मीनल म्हणाली, "बाबा, आईला सोडवा आता यातून."

"कशातून?"

"तुम्ही रोज विचारता, दादा कसा आहे. रोज ती सांगते, वारले. आणि तुम्ही रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडता."

मी म्हटलं, असं काही होत नाही. दादा गेला हे मला चांगलं माहीत आहे, आत्ताही माहीत आहे.

"सकाळी माहीत असतं. संध्याकाळी नसतं," ती म्हणाली. "काल तुम्ही जेवणाचं ताट फेकलं. आईला म्हणालात, माझा भाऊ जिवंत आहे, तू माझ्यापासून तोडून राहिली त्याले."

मला यातलं काही आठवत नव्हतं. ताट फेकल्याचं नाही, रडल्याचं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वरणाचा पिवळा डाग होता, तो मी सकाळी पाहिला होता आणि इंदू हल्ली निष्काळजी झाली असं मनात म्हटलं होतं.

इंदू आल्यावर मी तिला वेगळं विचारलं. रीत ती रीत. ती म्हणाली, "रोज नाई. कधीमधी."

"ताट फेकलं?"

"वाटी पडली. ताट नाई."

दोघींचं जुळलं नाही. एकीनं ताट म्हटलं, एकीनं वाटी. एकीनं रोज, एकीनं कधीमधी. म्हणजे खरंच होतं. चौतीस वर्षांत माझा हा आडाखा कधी चुकला नव्हता, तो चुकावा असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मी म्हटलं, "मंग तू सांगतेस काहून? मले कळत नाई तं हो म्हनून मोकळी व्हायचं."

"शब्द देल्ला नं तुमाले." ती पायरीवर बसली. तिचे दंड किती वाळले आहेत ते मी तेव्हा पाहिलं. "तुमी रडता त्याचं मले काई नाई जी. रडा. भाऊ होता. पन रडल्यावर तुमी माह्याकडं पाहता आन म्हनता, इंदू, तू खोटं बोलून राहिली. दर वेळी तेच. मी एकटीच खरं सांगते या घरात, आन मीच खोटी. ते नाई सहन होत मले."

मी सगळं आयुष्य असं धरून चाललो की साक्षीदार खरा मिळाला की काम झालं. ऐकणाराच नादुरुस्त असेल तर खऱ्या साक्षीचं काय करायचं, हे आमच्या कोणत्याच नियमात नव्हतं. ती खरं सांगते, मी ते रात्रीपर्यंत हरवतो, आणि दुसऱ्या दिवशी तिनं ते पुन्हा नव्यानं आणायचं. दादा एकदाच मेला. माझ्या घरात तो रोज मरत होता, आणि त्याला रोज मारायचं काम मी इंदूला लावून दिलं होतं.

मोकळीक

मी दोन दिवस विचार केला. म्हणजे दोन सकाळी. मग तिला बोलावून म्हटलं, "इंदू, तो शब्द मी परत घेतला. तू मोकळी."

ती म्हणाली, "मंग विचारल्यावर काय सांगू?"

"तुले सोपं जाईन ते सांग."

"मले यातलं काईच सोपं नाई जात," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. थोड्या वेळानं नळ चालू असताना ती रडत असल्याचं मला ऐकू आलं. रडणं खरं होतं की मला तसं वाटलं, हे विचारायला आता माणूस नव्हता.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर खरं सांगावं की खोटं, हे तुम्ही मला विचाराल. मला माहीत नाही. खोटं सांगितलं तर त्याच्या पायाखालची उरलीसुरली जमीन तुम्ही काढून घेता. खरं सांगितलं तर ती दरडीसारखी रोज त्याच्या डोक्यावर टाकता, आणि तुम्हीही तिच्याखाली सापडता. त्या पुसणाऱ्या बाईसारखं बाजूनं पुसता आलं तर पाहा. पण ती दिवसातून एकदा दहा मिनिटं यायची. इंदूला चोवीस तास पुसायचं आहे.

मला भीती मरणाची नाही. ज्या सकाळी मी हे लिहितो आहे त्या सकाळी मला ठाऊक आहे की दादा गेला, ओसरीवर कोणी नाही आणि मी माझा शेवटचा पंच स्वतःच्या हातानं घरी पाठवला. या सकाळी कमी होत चालल्या आहेत. आधी रोज असायच्या, आता आठवड्यातून दोन-तीन. त्या संपल्या की मी कदाचित सुखी होईन. त्या सुखाचीच मला भीती वाटते.

आज

आज हात बरा चालतो आहे. बाहेर ऊन छान पडलं आहे. इंदू गच्चीवर वड्या घालून आली, आता तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. शेंगा पाहून दादाची आठवण आली. बरेच दिवस झाले, तो आलेला नाही.

मी विचारलं, "दादा कसा आहे वं?"

तिचा हात थांबला. सालीतला दाणा काढून तिनं वाटीत टाकला. म्हणाली, "बरे हायेत. तूर काढनं चालू आहे, म्हनून येनं नाई झालं."

दादा असाच. आयुष्यभर शेत आधी आणि भाऊ मागून. मी म्हटलं, काढणी झाली की आपणच पारशिवनीला जाऊन येऊ, दोन दिवस राहू. ती हो म्हणाली. त्याच्यासाठी चष्म्याचं चांगलं घर घ्यायचं आहे, त्याचं जुनं फाटलं आहे. मीनलला सांगून ठेवतो.

कोणतीही गोष्ट दोघांना वेगवेगळं विचारायची माझी सवय. पण हे मीनलला विचारायची गरज नाही. इंदूनं मला शब्द दिला आहे, ती मला खोटं सांगत नाही.